घरोघरी मोजलेला एचआयव्ही: ‘फिया’ सर्वेक्षणांचं सविस्तर परीक्षण

एचआयव्हीच्या आकडेवारीतला सगळ्यात अवघड आकडा म्हणजे छेद, म्हणजे एकूण बाधित किती हा आकडा. उपचार घेणारे किती, हे एआरटी (एचआयव्हीवरच्या औषधोपचार) केंद्रांच्या नोंदवहीतून कळतं. पण किती जणांपैकी? जे कधी तपासणीला गेलेच नाहीत, त्यांची नोंद कोणत्याच दवाखान्यात नसते. हा छेद चुकला की सगळी टक्केवारी चुकते, आणि चुकीच्या टक्केवारीवर औषधांची खरेदी, कर्मचारी आणि निधी ठरतो. हा छेद थेट लोकांच्या घरी जाऊन मोजायचं साधन म्हणजे राष्ट्रीय कुटुंब सर्वेक्षण. त्यातला आजचा सर्वांत भरीव नमुना आहे ‘पॉप्युलेशन-बेस्ड एचआयव्ही इम्पॅक्ट असेसमेंट’, थोडक्यात ‘फिया’. कोलंबिया विद्यापीठाची आयकॅप ही संस्था, अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी आणि त्या त्या देशाचं आरोग्य मंत्रालय मिळून ती करतात. पैसा मुख्यतः अमेरिकी सरकारच्या ‘पेप्फार’ या एड्सविरोधी मदत कार्यक्रमातून येतो.

निकाल आधीच सांगून ठेवावा: ज्या देशात शंभरात पाच-दहा प्रौढ बाधित आहेत, तिथे उपचारांची प्रगती मोजायला याहून चांगलं साधन नाही. नव्या संसर्गाचा वेग मोजायला ते जेमतेम पुरतं. जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना करायला सहसा पुरत नाही. आणि भारतासारख्या कमी प्रादुर्भावाच्या देशात ते जसंच्या तसं आणणं म्हणजे पैशाचा अपव्यय होईल.

पहिली फेरी झिम्बाब्वे, मलावी आणि झांबियात 2015-16 च्या सुमारास झाली. त्यानंतर एस्वातिनी, लेसोथो, टांझानिया, युगांडा, नामिबिया, कॅमेरून, आयव्हरी कोस्ट, इथिओपिया (फक्त शहरी भाग), रवांडा, केनिया असे देश आले. 2020 नंतर यातल्या अनेक ठिकाणी दुसरी फेरी झाली. हे सगळं जवळपास एकाच साच्यात बसवलेलं असल्यामुळे दोन देश शेजारी ठेवून पाहता येतात. आधीच्या डीएचएस (अनेक देशांत होणाऱ्या लोकसंख्या व आरोग्य) सर्वेक्षणांतही रक्ततपासणी असायची, पण तिथे कोरड्या रक्ताचे ठिपके कागदावर घेऊन प्रयोगशाळेत पाठवायचे आणि निकाल बहुधा त्या माणसाला कळायचाच नाही. फियात निकाल घरातच, त्याच भेटीत, समुपदेशनासह दिला जातो. हा फरक केवळ तांत्रिक नाही. ज्याचं रक्त आपण घेतो त्याला त्याच्या शरीराबद्दलची माहिती परत देणं ही किमान सभ्यता आहे, आणि या साच्याबद्दल सगळ्यात आधी कौतुक करायचं ते याचंच.

नमुना दोन टप्प्यांत निवडतात. जनगणनेच्या प्रगणन गटांमधून (मोजणीसाठी पाडलेल्या छोट्या विभागांमधून), आकाराच्या प्रमाणात, काही शे गट उचलायचे. मग प्रत्येक गटात नव्याने घरयादी करायची आणि त्यातून साधारण पंचवीस-तीस घरं यादृच्छिक पद्धतीने निवडायची. नवी घरयादी हा कंटाळवाणा पण कळीचा टप्पा आहे. जनगणना आठ-दहा वर्षं जुनी असेल तर शहराच्या कडेला उगवलेल्या वस्त्या जुन्या नकाशात नसतात आणि तरुण भाडेकरू नेमके तिथेच असतात. यादी करणाऱ्याने बंद घर ‘रिकामं’ म्हणून लिहिलं की ते घर आणि त्यातला कामावर गेलेला माणूस दोघंही कायमचे वगळले जातात. म्हणूनच अहवाल हातात आला की आधी प्रतिसादाचं कोष्टक पाहावं. किती घरांनी दार उघडलं, त्यातल्या किती प्रौढांनी मुलाखत दिली आणि मुलाखत दिलेल्यांपैकी किती जणांनी रक्त दिलं, हे तिन्ही आकडे एकमेकांनी गुणावे लागतात. 90, 90 आणि 90 टक्के असा उत्तम दिसणारा प्रतिसादही गुणल्यावर 73 टक्क्यांवर येतो. पुरुषांचा प्रतिसाद सहसा स्त्रियांपेक्षा कमी असतो, कारण पथक दिवसा येतं आणि पुरुष तेव्हा घरी नसतात. भारांक लावून, म्हणजे कमी आलेल्या गटाच्या उत्तरांना जास्त वजन देऊन, ही तूट काही अंशी भरून काढतात. पण जो माणूस आपला निकाल आधीच माहीत असल्यामुळे रक्त द्यायला नकार देतो, त्याची भरपाई वय आणि गाव पाहून ठरवलेल्या भारांकाने होत नाही.

घरातली भेट अशी चालते. आधी कुटुंबप्रमुखाची संमती आणि घरात कोण कोण राहतं याची यादी. आदल्या रात्री त्या घरात झोपलेला प्रत्येक पात्र माणूस नमुन्यात येतो, मग तो पाहुणा का असेना. त्यानंतर प्रत्येकाची वेगळी संमती: मुलाखतीला, रक्त द्यायला, आणि उरलेलं रक्त पुढच्या संशोधनासाठी साठवायला. मुलाखत टॅब्लेटवर होते. पहिल्या फेरीत प्रौढांकडून नसेतून साधारण 14 मिलिलिटर रक्त घेत. लहान मुलांकडून कमी, आणि दोन वर्षांखालच्या बाळांकडून बोटातून किंवा टाचेतून एखादा मिलिलिटर. देशानुसार हे प्रमाण थोडं बदलतं. मग देशाच्या अधिकृत क्रमाने झटपट चाचण्या होतात. दीड वर्षाखालच्या बाळाच्या रक्तात आईच्या प्रतिपिंडांचा अंश असू शकतो, त्यामुळे तिथे झटपट चाचणी निर्णायक नसते आणि विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधणारी पीसीआर तपासणी करावी लागते.

इथे दोन गोष्टी बिघडतात. पहिली म्हणजे खासगीपणा. एका खोलीच्या घरात सासू, शेजारीण आणि चार मुलं असताना समुपदेशन कुठे करायचं? चांगली पथकं घरामागची जागा किंवा झाडाखालची सावली शोधतात, घाईतली पथकं तिथेच उरकतात, आणि मग उत्तरं खोटी येतात. दुसरी गोष्ट रक्ताचा प्रवास. नमुने थंड पेटीतून जवळच्या उप-प्रयोगशाळेत साधारण दिवसाभरात पोहोचून प्लाझ्मा वेगळा व्हावा लागतो, मग तो गोठवून मध्यवर्ती प्रयोगशाळेत उणे 80 अंशांवर ठेवतात. वीज गेली, जनित्राचं डिझेल संपलं, गाडी चिखलात अडकली, की व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाचा, निकाल संशयास्पद होतो. पावसाळ्यात क्षेत्रकाम न ठेवणं हे म्हणूनच शहाणपणाचं असतं.

घरातला ‘पॉझिटिव्ह’ निकाल अंतिम धरत नाहीत. मध्यवर्ती प्रयोगशाळेत जीनियस नावाच्या पूरक चाचणीने तो पक्का करतात. हे का, ते आकड्यांतून लगेच दिसतं. समजा चाचणीची अचूकता अशी आहे की हजार निरोगी माणसांत ती पाच जणांना चुकून बाधित म्हणते. दहा हजार लोकांत 25 खरे बाधित असतील, तर खोटे बाधित जवळपास 50 निघतील, म्हणजे खऱ्यांच्या दुप्पट. प्रादुर्भाव 20 टक्के असेल तर तीच चूक दोन हजार खऱ्या बाधितांमागे 40 एवढीच उरते. कमी प्रादुर्भावाच्या ठिकाणी एकाच चाचणीवर बेतलेलं कोणतंही सर्वेक्षण म्हणून बाद समजावं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 पासून सगळीकडेच सलग तीन चाचण्यांचा आग्रह धरला आहे.

आता या साधनाचा सगळ्यात मौल्यवान भाग. 95-95-95 हे लक्ष्य बहुतेकांना ठाऊक असतं. बाधितांपैकी 95 टक्क्यांना आपली स्थिती माहीत असावी, त्यांपैकी 95 टक्के उपचारांवर असावेत आणि उपचारांवरच्या 95 टक्क्यांचा व्हायरल लोड दबलेला, म्हणजे प्रति मिलिलिटर 1000 प्रतींच्या खाली असावा. पहिला 95 मोजायला लोकांना विचारावं लागतं आणि लोक सांगत नाहीत. अनोळखी माणूस दारात उभा राहून विचारतो, ‘तुमची आधी तपासणी झाली होती का, काय निघालं होतं?’ अनेक जण ‘नाही’ म्हणतात, आणि उशाशी गोळ्यांची बाटली असते. फियाचा उपाय असा की रक्तातच औषधाचे अंश शोधायचे. पहिल्या फेऱ्यांत एफाविरेंझ, नेविरापिन, लोपिनाविर, अटाझानाविर यांसारखी औषधं शोधली जात. ही तपासणी केपटाऊन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतही करून घेतली गेली. उपचारपद्धती डोल्युटेग्राविरकडे वळल्यावर ते औषध तपासणीच्या यादीत येणं अनिवार्य झालं, नाहीतर नव्या गोळ्या घेणारे सगळे ‘उपचार नाहीत’ या रकान्यात गेले असते. रक्तात औषध सापडलं की तो माणूस काहीही म्हणाला तरी त्याला ‘स्थिती माहीत, उपचारांवर’ असं धरतात.

हे साधन उत्तम आहे, पण त्याच्या दोन कडा लक्षात ठेवाव्यात. ज्याला आपली स्थिती माहीत आहे, पण उपचार सुरू नाहीत किंवा सोडले आहेत, आणि जो ‘माहीत नाही’ म्हणतो, तो रक्ततपासणीतही सापडत नाही. त्यामुळे पहिला 95 खऱ्यापेक्षा थोडा कमीच दिसतो. उलट, उपचार चालू असल्याचं सांगणारा पण रक्तात औषधाचा मागमूस नसलेला माणूस दुसऱ्या 95 मध्ये मोजला जातो, कारण तिथे तोंडी उत्तर किंवा रक्तातलं औषध यांपैकी काहीही एक पुरतं. अहवालात समायोजित (रक्तातलं औषधही धरून) आणि असमायोजित (फक्त तोंडी उत्तरावरून) असे दोन्ही आकडे असतात. बातम्यांत कोणता घेतला आहे ते पाहिल्याशिवाय तुलना करू नये.

झिम्बाब्वेच्या 2020 च्या फेरीत प्रौढांचा प्रादुर्भाव 12.9 टक्के निघाला आणि उपचारांची साखळी, म्हणजे त्या तीन 95 च्या जागचे प्रत्यक्ष आकडे, अशी होती: 86.8, 97.0 आणि 90.3. तिन्ही गुणले की 76 टक्के. म्हणजे शंभर बाधितांत स्थिती माहीत असलेल्या, उपचार घेणाऱ्या आणि विषाणू दबलेल्या व्यक्ती साधारण 76. एस्वातिनीत 2021 मध्ये साखळी 94-97-96 च्या घरात पोहोचली. ज्या देशात चौथा हिस्सा प्रौढ बाधित आहेत तिथे हे घडलं, आणि कुणाच्या दाव्यावर विसंबून न राहता रक्तातून सिद्ध झालं, याचं मोल मोठं आहे. मोझांबिकच्या 2021 च्या सर्वेक्षणात पहिलाच आकडा 72 च्या आसपास अडकला होता, तर दुसरा 96 च्या वर. अशी साखळी वाचताना औषधं कमी पडली असा अर्थ काढू नये. तिथे तपासणीच लोकांपर्यंत पोहोचली नव्हती. बहुतेक देशांत पहिली कडीच सर्वांत कच्ची आहे, आणि तीही तरुणांत आणि पुरुषांत.

सगळ्यात सावधपणे वाचायचा भाग म्हणजे नव्या संसर्गाचा दर. त्यासाठी ‘लॅग अ‍ॅव्हिडिटी’ नावाची तपासणी वापरतात. संसर्ग ताजा असेल तर प्रतिपिंडांची पकड सैल असते, जुना झाला की घट्ट होते. पकड सैल, व्हायरल लोड 1000 किंवा त्याहून वर आणि रक्तात औषध नाही, असे तिन्ही निकष जुळले तरच संसर्ग ‘अलीकडचा’ मानतात. औषधं घेणाऱ्यांचीही पकड सैल दिसू शकते, म्हणून शेवटचे दोन निकष हवेत. ‘अलीकडचा’ म्हणजे सरासरी 130 दिवसांतला. आता हिशेब करून पाहा. वीस हजार अबाधित प्रौढ आणि वर्षाला 0.4 टक्के नवे संसर्ग, तर 130 दिवसांच्या खिडकीत जेमतेम 28-29 माणसं सापडतील. एवढ्या आकड्यावर विश्वासमर्यादा (खरा आकडा बहुधा ज्या पट्टीत असेल ती) काढली तर 0.4 च्या जागी साधारण 0.25 ते 0.55 अशी पट्टी मिळते, आणि गटनिहाय नमुन्यामुळे ती आणखी रुंदावते. दोन फेऱ्यांत 0.45 चा 0.38 झाला म्हणून ‘घट झाली’ असं छापणं या साधनाला न पेलणारं आहे. वयोगट किंवा प्रांत पाडले तर एका खान्यात दोन-तीन माणसं उरतात. असे खाने अहवालात कंसात टाकतात किंवा गाळतात, आणि ते योग्यच आहे.

घरोघरी जाणाऱ्या सर्वेक्षणात बराकीतले सैनिक, तुरुंगातले कैदी, खाणीजवळच्या वसतिगृहातले मजूर, रस्त्यावर राहणारे, लांब पल्ल्याच्या गाडीवर असलेले चालक येत नाहीत. देहविक्री करणाऱ्या स्त्रिया नमुन्यात आल्या तरी ती माहिती त्या देतीलच असं नाही. प्रादुर्भाव सगळ्या समाजात पसरलेला असेल तर ही उणीव फार बोचत नाही. साथ मुख्यतः काही गटांत एकवटलेली असेल तर हीच उणीव सगळं चित्र पालटते.

छेद सुधारला की काय होतं, याचा ठळक दाखला नायजेरियाचा. तिथलं 2018 चं ‘नाइस’ सर्वेक्षण मेरीलँड विद्यापीठाच्या मदतीने झालं. साचा फियासारखाच, पण आकार अवाढव्य: दोन लाखांहून जास्त लोकांची तपासणी. आधी प्रौढांतला प्रादुर्भाव 2.8 टक्के मानला जात होता, तो 1.4 टक्के निघाला आणि बाधितांची संख्या साधारण 19 लाखांवर आली. एका रात्रीत उपचारांची टक्केवारी कागदावर सुधारली. उपचार तेवढेच होते, फक्त छेद खरा झाला. दक्षिण आफ्रिकेची मालिका वेगळी, स्वतःची: तिथली एचएसआरसी ही संस्था 2002 पासून हे करते आहे. 2022 च्या सहाव्या फेरीत सर्व वयोगटांत मिळून 12.7 टक्के प्रादुर्भाव निघाला. दीर्घकालीन कल पाहायचा असेल तर फियापेक्षा ही मालिका जास्त भरवशाची, कारण एकाच देशात, एकाच संस्थेने, वीस वर्षं केलेली आहे.

आपल्याकडे हेच वळण 2007 साली आलं. त्याआधी भारताचा अंदाज मुख्यतः सरकारी रुग्णालयांतल्या गर्भवतींच्या आणि गुप्तरोग दवाखान्यांतल्या तपासण्यांवर उभा होता आणि 50 लाखांच्या वर होता. आंध्रातल्या गुंटूर जिल्ह्यात घरोघरी जाऊन केलेल्या अभ्यासात 15 ते 49 वयोगटात 1.72 टक्के प्रादुर्भाव निघाला, म्हणजे जिल्ह्यात सुमारे 46 हजार बाधित. दवाखान्यांवरून काढलेला अंदाज मात्र एक लाख 12 हजारांच्या पुढे होता. कारणही सापडलं: खासगी डॉक्टर संशयित रुग्णांना सरकारी रुग्णालयात पाठवत होते, आणि गरीब माणसं मुळातच तिथे जास्त जात होती. मग तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2005-06), जे मुंबईतल्या देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलं, एक लाखाहून जास्त लोकांचं रक्त तपासलं गेलं. प्रादुर्भाव 0.28 टक्के निघाला, महाराष्ट्रात 0.62. नागालँडमध्ये विरोधामुळे तपासणी झालीच नाही. 2007 मध्ये देशाचा अंदाज 25 लाखांवर आला.

त्या सर्वेक्षणात निकाल निनावी होता. तपासलेल्या माणसाला तो कळत नव्हता, मोफत तपासणी केंद्राची चिठ्ठी मिळत होती. प्रादुर्भाव मोजायला ते पुरलं. पण उपचारांची साखळी मोजायची तर हिशेब बसत नाही. देशाचा प्रादुर्भाव आता 0.2 टक्क्याच्या आसपास आहे. साखळी नीट मोजायला हजारभर बाधित हवेत, म्हणजे पाच लाख लोकांचं नसेतून रक्त, पाच लाख समुपदेशनं. आणि तरीही तृतीयपंथी, इंजेक्शनने नशा करणारे, देहविक्री करणाऱ्या स्त्रिया हे गट सुटतील, जिथे साथ खरी आहे. ‘नाको’ने (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने) गर्भवतींची सेंटिनल (ठरावीक केंद्रांवरची नियमित) पाहणी, जोखीमगटांची स्वतंत्र सर्वेक्षणं आणि गणिती प्रतिमानं यांची सांगड घातली, ती आपल्यासाठी जास्त योग्य वाट आहे. बाधितांच्या संख्येत महाराष्ट्र देशात सगळ्यात वर आहे, त्यामुळे इथल्या कुणी ‘आपल्याकडेही फिया करा’ अशी मागणी केली तर ती समजण्यासारखी आहे. पण तोच पैसा मुंबई, पुणे, सांगली, सोलापुरात जोखीमगटांच्या सर्वेक्षणाला आणि व्हायरल लोड तपासणी वेळेत होण्याला दिला तर जास्त माणसांच्या उपयोगी पडेल.

ज्यांना हा डेटा प्रत्यक्ष वापरायचा आहे त्यांच्यासाठी थोडं. फियाच्या संकेतस्थळावर नोंदणी केली की संच मोफत उतरवता येतात. घर, मुलाखत आणि रक्त अशा तीन पातळ्यांचे भारांक वेगवेगळे असतात. एचआयव्हीशी संबंधित कोणताही आकडा काढताना रक्ततपासणीचाच भारांक घ्यायचा, मुलाखतीचा नाही. नवशिक्यांची सर्वांत जास्त वेळा होणारी चूक हीच. विश्वासमर्यादा काढायला जॅकनाइफ पद्धतीचे (नमुन्याचा थोडा थोडा भाग वगळून पुन्हा पुन्हा हिशेब करण्याच्या पद्धतीचे) प्रतिकृती-भारांक सोबत दिलेले असतात. ते न वापरता साधं सूत्र लावलं तर पट्टी फसवी अरुंद येते. दोन फेऱ्यांची तुलना करण्याआधी वयोगट जुळवून घ्यावा: पहिल्या फेरीचे मथळे बऱ्याच देशांत 15 ते 64 किंवा 15 ते 59 वयाचे आहेत, दुसऱ्या फेरीचे 15 आणि पुढचे. उपचारांमुळे बाधित माणसं आता साठीच्या पुढे जगतात, त्यामुळे हा फरक किरकोळ नाही. मुलांचा डेटा हवा असेल तर आधी पहिल्या फेरीकडे जावं, कारण दुसऱ्या फेरीत बहुतेक देशांनी प्रौढांपुरतंच काम ठेवलं.

संच उतरवून ठेवण्यात मात्र दिरंगाई करू नये. डीएचएस कार्यक्रमाचा अमेरिकी निधी 2025 च्या सुरुवातीला बंद झाला आणि अनेक देशांची चालू सर्वेक्षणं अधांतरी लटकली. फियाचाही पैसा त्याच देशाच्या तिजोरीतून येतो. प्रश्नावली, वापरपुस्तिका, सांकेतिक शब्दांची यादी आणि भारांकांच्या फाइली असा पूर्ण संच देशागणिक एका ठिकाणी जपून ठेवावा. वापरपुस्तिकेशिवाय नुसती आकड्यांची फाइल हाती राहिली, तर कोणता रकाना समायोजित आणि कोणता असमायोजित हे नंतर कुणालाच सांगता येणार नाही.